वारसाच्या रकान्यात

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांतल्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात, त्या वेळी मुकादमाच्या वहीत कोयत्यांची नोंद होते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीला मिळते, फडात काम जोडीने होते आणि एकट्या गड्याला अर्धा कोयता धरतात. हंगामाच्या तोंडावर या भागात घाईघाईने लग्ने उरकली जातात, त्यामागे पूर्ण कोयत्याची उचल हेही एक कारण असते, हे इथला कोणताही शिक्षक किंवा ग्रामसेवक सांगू शकेल. हे उदाहरण मी मुद्दाम आधी मांडते आहे, कारण समलिंगी विवाहाचा विषय निघाला की आमच्या वकिलांच्या बाररूममध्येसुद्धा बोलणे लगेच प्रेम, आवडनिवड आणि पाश्चात्त्य संस्कृती यांच्याकडे वळते. मराठवाड्यात लग्न ही प्रेमाच्या आधी पोटाची, जमिनीची आणि कागदपत्रांची गोष्ट असते. ज्याला आपल्या जोडीदाराशी लग्न करता येत नाही, त्याला समारंभाला तर मुकावे लागतेच, पण सरकारी दप्तरात माणसाला माणसाशी जोडणारा जो एकमेव सहज मार्ग आहे, तोही त्याच्यासाठी बंद राहतो.

मी लातूर जिल्ह्याच्या दक्षिण भागातल्या एका तालुका न्यायालयात दिवाणी वकिली करते. वाटणीचे दावे, वारस नोंदी, फेरफारांवरच्या हरकती, मनाई हुकूम, मृत्युपत्रांवरून पेटलेली भांडणे हेच माझे रोजचे काम आहे. त्यामुळे एखाद्या नात्याकडे पाहताना ते कागदावर कसे उतरेल, हा विचार माझ्या मनात सवयीनेच आधी येतो. माझे स्वतःचे लग्न १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे झाले. यजमानांची शस्त्रक्रिया ठरली तेव्हा संमतीच्या फॉर्मवर मी सही केली, आणि मी त्यांची कोण याचा पुरावा कोणीही मागितला नाही. त्यांनी राहत्या घरातला हिस्सा मला बक्षीसपत्राने दिला, तेव्हा मुद्रांक शुल्क लागले २०० रुपये. त्यांच्या विम्यावर माझे नाव आहे, शिधापत्रिकेवर आहे, आणि उद्या काही बरेवाईट झालेच तर निवृत्तिवेतनाच्या प्रकरणावरही तेच नाव लागेल. यांतले काहीच मी मागितलेले नाही. मांडवातून बाहेर पडले तेव्हाच ते माझे झाले होते.

याच देशात दुसऱ्या काही माणसांना यांतली एकेक गोष्ट स्वतंत्र कागद करून मिळवावी लागते, आणि तो कागद नेमका गरजेच्या वेळी कमी पडतो. माझ्या व्यवसायातून मला जे शिकायला मिळाले ते हेच, आणि ते सांगण्यासाठी मी हा लेख लिहिते आहे.

आधी कायद्याची वाट थोडक्यात सांगायला हवी. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ३७७ ने ‘निसर्गाच्या नियमाविरुद्ध’ शरीरसंबंधाला गुन्हा ठरवले होते. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयात न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा आणि न्यायमूर्ती एस. मुरलीधर यांनी, प्रौढांनी परस्परसंमतीने खासगीत ठेवलेल्या संबंधांना या कलमातून वगळले. शहा मूळचे आमच्या शेजारच्या सोलापूरचे. संविधानिक नैतिकता माणसात उपजत नसते, ती जोपासावी लागते, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मांडलेले म्हणणे त्या निकालाच्या मुळाशी आहे. ज्या मराठवाड्यात बाबासाहेबांनी १९५० मध्ये मिलिंद महाविद्यालय उभे केले आणि ज्या मराठवाड्यात त्यांचे शब्द घराघरांत पाठ आहेत, तिथे त्यांच्या विचाराचा हा धागा फारसा कोणी उचललेला नाही, याची मला खंत वाटते. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी हा निकाल फिरवला. पुढे ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने तो पुन्हा योग्य मार्गावर आणला. इतिहासाने या माणसांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची माफी मागायला हवी, असे न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी त्या निकालात लिहिले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते कलमच उरलेले नाही.

गुन्हा गेला, म्हणजे पोलिसांची भीती गेली. परंतु अधिकार म्हणून हातात काय आले, असे विचारले तर उत्तर फार तोकडे आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली आम्हाला लग्न करू द्या, अशी मागणी घेऊन अनेक जोडपी सर्वोच्च न्यायालयात गेली. १८ एप्रिल २०२३ पासून सुनावणी सुरू झाली आणि १७ ऑक्टोबर २०२३ रोजी निकाल लागला. विवाह करण्याचा मूलभूत अधिकार संविधानात नाही, आणि विशेष विवाह कायद्याची कलमे न्यायालयाने नव्याने वाचून त्यांत समलिंगी जोडप्यांना बसवता येणार नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचे एकमत झाले. अशा जोडप्यांना निदान नागरी सहजीवनाची कायदेशीर मान्यता आणि दत्तक घेण्याचा अधिकार असावा, असे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती संजय किशन कौल यांचे मत होते, पण ते दोन विरुद्ध तीन अशा अल्पमतात राहिले. ९ जानेवारी २०२५ रोजी फेरविचाराच्या याचिकाही फेटाळल्या गेल्या. त्या निकालावर मी रागावले नाही, कारण कायदा करणे संसदेचे काम आहे हे तत्त्व मलाही मान्य आहे. राग येतो तो त्यानंतरच्या शांततेचा.

आता एका घराविषयी सांगते. ओळख पटू नये म्हणून गावाचे नाव आणि काही तपशील मी गाळले आहेत.

आमच्या तालुक्याच्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या दोन शिक्षिका एका घरात राहत. गल्लीत त्यांना मोठ्या बाई आणि धाकट्या बाई म्हणत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर एका पुनर्वसित गावातल्या शाळेत दोघींची ओळख झाली. पुढे बदल्या झाल्या, तरी त्या एकाच गावी खोली घेऊन एसटीने आपापल्या शाळांना जात राहिल्या. दोघींनीही लग्न केले नाही. त्यांचे नाते काय होते, हे त्यांनी कधी कोणाला सांगितले नाही, आणि आमच्याकडे असल्या गोष्टी समजून घेऊन न बोलण्याची रीत आहे, म्हणून कोणी विचारलेही नाही. दारात तुळस होती, ओसरीत एकाच झोपाळ्यावर दोघींची जागा ठरलेली होती, आणि नागपंचमीला माहेरी जावे तशा त्या दोघी मोठ्या बाईंच्या गावी जाऊन येत.

प्लॉट मोठ्या बाईंच्या नावे घेतलेला होता, कारण शिक्षकांच्या पतसंस्थेचे कर्ज आधी त्यांना मिळाले. हप्ते मात्र दोघींच्या पगारातून जात. धाकट्या बाई पगाराच्या दिवशी अर्धी रक्कम रोखीने मोठ्या बाईंच्या हातात ठेवत आणि मोठ्या बाई ती एका लाल कापडी बांधणीच्या वहीत तारखेसह उतरवून ठेवत. ती वही मी पाहिली आहे. त्यात दुधाचा, किराण्याचा आणि लाइटबिलाचा हिशेब आहे, भाच्याच्या इंजिनिअरिंगची फी भरल्याची नोंद आहे, आणि दर महिन्याला एकच ओळ आहे: ‘हप्ता, अर्धा, तिचा.’ पुरावा म्हणून ती वही न्यायालयात किती टिकेल, हे मला पहिल्याच दिवशी कळले होते. घर घेण्यासाठी पैसे दिले आणि दस्त दुसऱ्याच्या नावाने झाला, ही कहाणी, दुसऱ्याच्या नावे घेतलेल्या मालमत्तेवर हक्क सांगू न देणाऱ्या बेनामी व्यवहाराच्या कायद्यापाशी येऊन अडकते. त्यातल्या अपवादात पती किंवा पत्नीच्या नावे घेतलेली मालमत्ता बसते. मैत्रिणीचे नाव त्यात कुठे बसवणार?

मोठ्या बाई आजारी पडल्या, दवाखान्याच्या वाऱ्या सुरू झाल्या, आणि एका रात्री प्रकृती ढासळली तेव्हा त्यांना दूरच्या मोठ्या रुग्णालयात हलवावे लागले. तिथे अतिदक्षता विभागाच्या दारात धाकट्या बाईंना विचारण्यात आले, ‘पेशंटच्या तुम्ही कोण?’ ‘सोबत राहते,’ असे त्यांनी सांगितले. रक्ताच्या नात्यातल्या माणसाची सही हवी, असे उत्तर मिळाले, आणि पुण्याहून भाचा येईपर्यंत त्या बाहेर बाकड्यावर बसून राहिल्या. भाचा सज्जन होता. आल्या आल्या त्याने सही केली आणि ‘आत्याजवळ तुम्हीच थांबा’ म्हणाला. काही दिवसांनी मोठ्या बाई गेल्या.

तेराव्यानंतर वारस नोंदीचा अर्ज पडला. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ च्या कलम १५ प्रमाणे मृत्युपत्र न करता वारलेल्या अविवाहित स्त्रीची मिळकत, आई-वडील हयात नसतील तर वडिलांच्या वारसांकडे जाते. मोठ्या बाईंचे भाऊ आधीच वारले होते, म्हणून भावाची मुले वारस ठरली. तलाठ्याने वंशावळ घेतली, शपथपत्र घेतले, पंधरा दिवसांची नोटीस लावली. त्यात धाकट्या बाईंचे नाव येण्याचे कारणच नव्हते. भाच्यांनी त्यांना घराबाहेर काढले नाही, हे नोंदवायला हवे. त्यांनी एवढेच म्हटले, की मावशी, राहा तुम्ही, पण घर विकायचे ठरले आहे, तेव्हा वर्षाभरात काहीतरी बघा. कायद्याच्या दृष्टीने ते काही चूक करत नव्हते. त्यांच्यावर कर्जे होती, पदरात मुले होती, आणि कायद्याने जे आयते हातात दिले ते नाकारण्याइतके मोठे मन कोणाकडूनही गृहीत धरता येत नाही.

धाकट्या बाई माझ्या कार्यालयात आल्या तेव्हा त्यांनी पदराखालून एक पिशवी काढून टेबलावर ठेवली. पिशवीत ती लाल वही, लाइटबिले, दोघींचे एका यात्रेतले फोटो आणि शाळेने दिलेल्या मानपत्राची प्रत होती. त्या म्हणाल्या, ‘वकीलबाई, लोकांनी मला मैत्रीण म्हणावं, बहीण म्हणावं, मागं काय म्हणायचं ते म्हणावं. माझं काही म्हणणं नाही. पण इतकी वर्षं स्वयंपाकाला मीठ मी घातलं, आन् कागदावर मी कोणीच नाही, हे कसं काय?’ मी त्यांना कलमे समजावून सांगितली. दावा दाखल केला, ताब्याबाबत तूर्तातूर्त मनाई मिळाली, आणि शेवटी लोकअदालतीत तडजोड झाली: ज्या घराचे अर्धे हप्ते त्यांनी आधीच फेडलेले होते, त्याच घरासाठी त्यांनी आपल्या निवृत्तीच्या पैशांतून भाच्यांना पुन्हा रक्कम मोजली.

मृत्युपत्र का नाही केले, हा प्रश्न मला ही हकिगत ऐकणाऱ्या प्रत्येकाने विचारला आहे, आणि तो रास्तही आहे. मृत्युपत्र केले असते तर घर वाचले असते, असे मलाही वाटते. परंतु मृत्युपत्र हा जिवंतपणी पुरा होणारा दस्त नाही. ते करणारा गेल्यावरच त्याची परीक्षा सुरू होते, आणि रक्ताच्या वारसांना डावलून परक्याला दिलेले मृत्युपत्र न्यायालये संशयाने तपासतात, हे कोणताही दिवाणी वकील सांगेल. मुखत्यारपत्र करावे, तर ते देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपते. बक्षीसपत्र करावे, तर महाराष्ट्रात ज्या नातलगांना राहते घर किंवा शेतजमीन २०० रुपये मुद्रांकावर देता येते, त्यांत पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडे आणि मृत मुलाची पत्नी एवढेच येतात. बाकीच्यांना बाजारभावावर टक्केवारीने शुल्क पडते. शिवाय नातेवाईक नसलेल्या माणसाकडून वर्षात ५०,००० रुपयांहून अधिक किमतीची भेट मिळाली, तर ती घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरून आयकर लागतो. याच तरतुदीला एका समलिंगी जोडप्याने २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले आहे.

शेतजमिनीचे तर आणखी अवघड. मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता त्याची आठवण म्हणून आजही आमच्याकडे कुळवहिवाटीचा १९५० चा हैदराबादचा कायदा चालतो, आणि त्याप्रमाणे शेतकरी नसलेल्या व्यक्तीला जमीन हस्तांतरित करायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. गुजरातेतल्या एका प्रकरणात, तिथे लागू असलेल्या अशाच तरतुदीखाली, मृत्युपत्रानेसुद्धा बिगरशेतकऱ्याला जमीन देता येणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटले आहे. मोठ्या बाईंच्या नावे गावाकडे थोडी कोरडवाहू जमीन होती. धाकट्या बाईंचे वडील शिंपी, घरात सातबारा कोणाच्याच नावे नाही. पत्नी म्हणून, पती म्हणून वारसाने जमीन मिळते तेव्हा हा प्रश्न उद्भवतही नाही.

नामनिर्देशनाचीही तीच कथा आहे. बँकेतल्या मुदत ठेवींवर मोठ्या बाईंनी धाकट्या बाईंचे नाव लावले होते, बँकेने रक्कम दिलीही, पण नामनिर्देशित व्यक्ती ही मालक नसून वारसांच्या वतीने पैसे स्वीकारणारी असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये विम्याबाबत, २०१० मध्ये बँक ठेवींबाबत आणि डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्सबाबत सांगितले आहे. मध्यंतरी २०१५ मध्ये विमा कायद्यात दुरुस्ती होऊन काही नामनिर्देशित व्यक्तींना पैशांचे खरे हक्कदार मानले गेले. त्या व्यक्ती कोण? आई-वडील, पती-पत्नी आणि मुले. प्रत्येक कायद्याच्या कोपऱ्यात लग्न असे वस्तीला आहे, आणि म्हणून लग्नाला वळसा घालून जाणारी कोणतीही वाट शेवटपर्यंत पोहोचत नाही.

२०२३ च्या सुनावणीत सरकारने समिती नेमण्याचे आश्वासन दिले होते. ती समिती केंद्रीय मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली एप्रिल २०२४ मध्ये नेमली गेली आणि त्याच वर्षी काही पत्रके निघाली. समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खाते उघडण्यास आणि एकमेकांचे नामनिर्देशन करण्यास आडकाठी नाही, शिधापत्रिकेसाठी त्यांना एकाच कुटुंबातले मानावे, जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा, अशा त्या सूचना आहेत. मी त्यांना कमी लेखत नाही. स्वस्त धान्याच्या दुकानात एका कार्डावर दोन नावे चढणे ही आमच्या भागात मोठी गोष्ट आहे. परंतु मृतदेहाविषयीची सूचना पुन्हा वाचून पाहा: नातेवाईक उपलब्ध नसतील तर. ज्याने उशाशी बसून शेवटचे पाणी पाजले, त्याचा क्रमांक अजूनही इतर कोणी न आल्यासच लागतो. पत्रक उद्या दुसऱ्या पत्रकाने मागे घेता येते, आणि खिडकीमागच्या कारकुनाला ते माहीतही नसते.

केंद्र सरकारने न्यायालयात ही मागणी शहरी उच्चभ्रूंची असल्याचे म्हटले होते. त्याला सरन्यायाधीशांनी दिलेले उत्तर मला फार मोलाचे वाटते. मोठ्या शहरात इंग्रजी बोलणारा नोकरदार जसा समलिंगी असू शकतो, तशी खेड्यात शेतावर राबणारी स्त्रीही असू शकते, असे त्यांनी लिहिले. माझ्याकडे आलेल्यांत गवंडीकाम करणारा आहे, एक आशा कार्यकर्ती आहे, मोंढ्यात हमाली करणारा आहे. शहरातल्या माणसाकडे निदान वकील, स्वतःचे घर आणि दुसऱ्या शहरात निघून जाण्याची सोय असते. लातूर-नांदेडच्या खेड्यातल्या मुलाला पुण्याला पळून जाणे एवढाच पर्याय दिसतो, आणि बापाच्या जमिनीतला आपला हिस्सा मागायला तो परत येऊ शकत नाही.

जो पळत नाही, त्याचे लग्न लावून देतात. ‘हळद लागली की येईल ताळ्यावर,’ हे वाक्य मी इतक्यांच्या तोंडून ऐकले आहे, की ते ऐकताच मला त्या मुलाइतकीच, खरे सांगायचे तर त्याहून जास्त, अजून न पाहिलेल्या मुलीची काळजी वाटते. जालन्याकडची एक मुलगी विवाह रद्द करून मागायला आली होती. नवरा वाईट नव्हता, मारहाण नव्हती, हुंड्याची मागणी नव्हती. लग्नानंतर काही महिन्यांनी त्याने रडत रडत तिला सगळे सांगितले होते. तिला त्याच्यावर खोटे आरोप करायचे नव्हते. पण आपल्या विवाह कायद्यात या परिस्थितीसाठी प्रामाणिक असे कारणच नाही. नपुंसकत्व म्हणा, फसवणूक म्हणा किंवा क्रौर्य म्हणा, यांतले काहीतरी लिहिल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. परस्परसंमतीने घटस्फोट घ्यावा, तर त्यासाठी वर्षभर वेगळे राहणे आले, आणि सासरची माणसे संमतीला तयार नव्हती. समलिंगी विवाहाने कुटुंबसंस्था मोडेल असे म्हणणाऱ्यांनी या मुलीच्या आई-वडिलांना एकदा भेटावे. त्यांनी मांडवासाठी घेतलेले कर्ज अजून फिटलेले नाही.

आमच्या संस्कृतीत हे कधी नव्हते, असेही सांगितले जाते. तुळजापूरच्या वाटेवर आराधी भेटतात, देवीचे जोगते साडी नेसून घरोघर जोगवा मागतात आणि बायका त्यांच्या परडीत पीठ घालून पाया पडतात, हे पाहत आम्ही लहानाच्या मोठ्या झालो. जोगते म्हणजे समलिंगी असे मी म्हणत नाही. या वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकात एक मिसळू नयेत. माझे म्हणणे इतकेच, की ठरलेल्या साच्यात न बसणारी माणसे आम्ही देवीच्या दारात पाहिली आहेत आणि मान्य केली आहेत. तहसीलच्या दारात मात्र त्यांना ओळखायला आपण तयार नाही. न्यायालयांनी तिथेही थोडी वाट केली आहे. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जळगाव जिल्ह्यातल्या भादली गावच्या एका तृतीयपंथी उमेदवाराला महिलांसाठी राखीव जागेवरून ग्रामपंचायतीची निवडणूक लढवू दिली, आणि गावाने त्यांना निवडून दिले. खेड्यातली माणसे समजून घेणार नाहीत, असे म्हणणाऱ्यांना मी हे नेहमी सांगते.

कायद्याला हे जमतच नाही असेही नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे कोणतीही प्रौढ व्यक्ती आपल्या पसंतीच्या माणसाला प्रतिनिधी नेमू शकते. तिथे रक्त आणि लग्न यांची अट नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका परिचारिकेच्या बाळंतपणाच्या रजेच्या प्रकरणात, कुटुंब अनेक प्रकारचे असू शकते आणि त्यात समलिंगी सहजीवनही येते, असे स्पष्ट केले. मे २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने, कुटुंब उभारण्याचा विवाह हा एकमेव मार्ग नाही, असे म्हणत एका तरुणीला आई-वडिलांच्या ताब्यातून तिच्या जोडीदारासोबत जाऊ दिले. या निकालांबद्दल मला आदर आहे. तरीही प्रत्येक जोडप्याने उच्च न्यायालय गाठावे आणि आपले कुटुंब सिद्ध करून आणावे, ही अपेक्षा कोणत्याही सरकारला शोभणारी नाही. नेदरलँड्सने २००१ मध्ये, तैवानने २०१९ मध्ये आणि थायलंडने जानेवारी २०२५ पासून सरळ विवाहाचाच कायदा खुला केला. नेपाळमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये एका ग्रामपालिकेने असा पहिला विवाह नोंदवला. नेपाळच्या डोंगरातल्या ग्रामपालिकेला जे जमले ते आमच्या तालुक्याला का जमू नये?

दिल्लीकडे बोट दाखवून महाराष्ट्राने गप्प बसावे, असेही कारण नाही. विवाह, घटस्फोट, मृत्युपत्र आणि वारसा हे विषय संविधानाच्या समवर्ती सूचीत पाचव्या क्रमांकावर आहेत, म्हणजे राज्याच्या विधिमंडळालाही त्यांवर कायदा करता येतो. केंद्रीय कायद्याशी विसंगती येत असेल तर राष्ट्रपतींची संमती लागते. महाराष्ट्राने हे पूर्वी केलेले आहे. केंद्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध हिस्सा दिला तो २००५ मध्ये, पण महाराष्ट्राने हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती करून तो २२ जून १९९४ पासूनच दिला होता. त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळले होते. मोठ्या बाई अविवाहित होत्या, म्हणून त्यांना गावाकडच्या जमिनीत हिस्सा मिळाला. राज्याने एका तरतुदीने त्यांच्या नावे सातबारा केला, आणि तो पुढे कोणाकडे जावा हे ठरवताना मात्र त्यांच्या आयुष्यातल्या सर्वांत जवळच्या माणसाकडे पाहिले नाही.

आम्ही काही वकिलांनी मिळून आमच्या आमदारांना एक निवेदन दिले आहे. त्यात तीन मागण्या आहेत. बक्षीसपत्राच्या सवलतीच्या यादीत नोंदणीकृत जोडीदार घालावा, राज्याच्या निवृत्तिवेतन नियमांतल्या कुटुंबाच्या व्याख्येत तो यावा, आणि विशेष विवाह कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती करून कोणत्याही दोन प्रौढांचा विवाह नोंदवता यावा. पहिल्या दोन गोष्टींना दिल्लीची गरजच नाही. आमदारांनी निवेदन वाचले आणि आजवर या विषयावर त्यांच्याकडे कोणीच आले नव्हते, असे सांगितले. म्हणून हा लेख वाचणाऱ्यांनी आपापल्या आमदारांकडे जावे, अशी माझी विनंती आहे. मागणीच नाही, असे यापुढे कोणाला म्हणता येऊ नये.

तोवर जी जोडपी एकत्र राहत आहेत त्यांनी काही गोष्टी आजच कराव्यात. घर घेताना दस्तावर दोघांची नावे लावा, आणि हप्त्याचा वाटा रोखीने न देता खात्यातूनच वळवा, म्हणजे बँकेचे उतारे बोलतील. मृत्युपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवा, साक्षीदारांत शक्य असेल तर स्वतःचा डॉक्टर घ्या, रक्ताच्या वारसांना का दिले नाही याचे कारण त्यात साध्या शब्दांत लिहा, आणि भाचे-पुतण्यांना त्याची कल्पना जिवंतपणीच द्या. संयुक्त खाते काढा आणि शिधापत्रिकेवर दोघांची नावे चढवून घ्या. कारकुनाने नकार दिला तर तो लेखी मागा. लातूर, धाराशिव किंवा नांदेडकडच्या कोणाला असे मृत्युपत्र करायचे असेल, तर त्यासाठी मी फी घेत नाही.